रुडॉल्फ डिझेल

गेल्या हिवाळ्यात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढण्यापूर्वी चहापाण्यासाठी बस थांबली. तेथे कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक जुना ट्रक रस्त्याच्या कडेस उभा होता. मागच्या साध्या चढावरच त्याने काळ्याकुट्ट धुराचे लोट सोडले होते, आणि गाडीचा दम पुरेसा नाही हे ओळखून चालकाने घाटाच्या तोंडाशी ती थांबविली होती. चालक व क्लीनर दोघेही एंजिनावर वाकून पाहत होते आणि आमची मुले अर्थातच त्यांच्याभोवती जमली. चालक मोठा सज्जन. त्याने न कंटाळता मुलांना सांगितले की, एंजिनास डिझेल पुरेपूर मिळत आहे, परंतु हवा कमी पडत आहे. टर्बोच्या वाटेत कोठे तरी खोट असली पाहिजे. पुढे बसमध्ये बसल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले की, डिझेल हे तर तेलाचे नाव, मग एंजिनास तेच नाव कसे पडले? हे नाव मुळात तेलाचेही नव्हे आणि एंजिनाचेही नव्हे, ते एका मनुष्याचे आडनाव होय, असे मी सांगताच साऱ्या बसमध्ये आश्चर्य पसरले. त्या मनुष्याचे चरित्र पुढे केव्हा तरी सांगेन असे वचन मी त्या दिवशी दिले होते. ते येथे पुरे करीत आहे. त्या ट्रकचे काय झाले तेही ओघाने येईल.

रुडॉल्फ डिझेल ह्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. बाप थिओडोर हा पुस्तकबांधणीचा व चामड्याच्या जिनसांचा धंदा करी. घरची स्थिती बेताची होती. तयार माल गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. पॅरिसमध्ये यंत्रांचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे वाफेवर चालणारी एक शंभर वर्षांपूर्वीची अवजड तीनचाकी गाडी ठेवलेली होती. हा मुलगा वेळ मिळेल तेव्हा तेथे जाऊन अशा यंत्रांची चित्रे काढीत बसे. शाळेतही तो हुशार निघाला आणि बारा वर्षांचा असतानाच त्यास कांस्यपदक मिळाले.

परंतु त्याच वर्षी, म्हणजे १८७० साली, फ्रान्स व प्रशिया ह्यांच्यामध्ये युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन कुटुंबांस शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब होते नव्हते ते टाकून लंडनला गेले. तेथे पोट भरण्याचीच पंचाईत. तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून ह्या बारा वर्षांच्या मुलास एकट्यास जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडले. युद्धामुळे रस्ते व आगगाड्या विस्कळित झालेल्या. त्या प्रवासास आठ दिवस लागले. ऑग्सबुर्ग येथील क्रिस्टोफ बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी व त्यांच्या पत्नीने ह्या मुलास पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळले आणि ते स्वतः ज्या औद्योगिक शाळेत शिकवीत होते तेथेच त्याचे नाव घातले. आपल्यास एंजिनियर व्हावयाचे आहे असे पत्र चौदाव्या वर्षी त्याने आईबापांस लिहिले. शाळेत त्याचा पहिला क्रमांक आला. मुलाने आता चार पैसे मिळवावे अशी आईबापांची इच्छा होती व त्यांच्या गरिबीकडे पाहता ती गैर म्हणता येणार नाही; पण १८७५ साली म्यूनिकच्या पॉलिटेक्निकची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती त्याने घरच्यांचा विरोध असतानाही स्वीकारली.

म्यूनिक येथे प्रोफेसर कार्ल फॉन लिंडे हे उष्णताशास्त्र शिकवीत. शीतयंत्राचे प्रसिद्ध जनक ते हेच. १८७८ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की, वाफेच्या एंजिनात जळणाच्या एकंदर उष्णतेपैकी शेकडा सहा ते दहा भागच कामी येतो. बाकीची सर्व वाया जाते. वर्गात असे वाक्य शेकडो मुले ऐकतात व वहीत उतरून घेतात. ह्या मुलाने ते मनात उतरून घेतले. शंभरातील नव्वद भाग कोळसा आपण निव्वळ हवेत सोडून देतो ही गोष्ट त्यास स्वस्थ बसू देईना. पुढील पंधरा वर्षे तो ह्याच एका प्रश्नाच्या मागे होता.

१८७९ साली अंतिम परीक्षेच्या वेळीच त्यास विषमज्वराने गाठले आणि परीक्षा हुकली. पुढील परीक्षेपर्यंतचा काळ त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गावी सुल्झर बंधूंच्या कारखान्यात, हातास तेल लावून घेण्यात घालविला. विंटरथूर हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे. जानेवारी १८८० मध्ये तो उत्तम प्रकारे उत्तीर्ण झाला आणि लिंडे ह्यांच्या बर्फाच्या कारखान्यातील नोकरीवर पॅरिसला परतला. १८८३ साली त्याचा विवाह झाला. पुढे त्यास दोन मुलगे व एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली.

दिवसा बर्फाचा धंदा आणि रात्री उष्णतेचा विचार असा त्याचा क्रम होता. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून पाहावी म्हणून त्याने कित्येक वर्षे खर्ची घातली. हाती काही आले नाही. १८९० साली तो बर्लिनला राहावयास गेला आणि तेथे त्याच्या मनात खरी कल्पना पक्की झाली.

ती कल्पना समजण्यास सायकलचा पंप पुरे. चाकात हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. हवा दाबली की तापते. आग्नेय आशियातील काही लोक पूर्वी एका बारीक नळकांड्यात कापसासारखा पदार्थ ठेवून दट्ट्या एकदम खाली मारीत. आतील हवा दाबली जाऊन इतकी तापे की तो पदार्थ पेट घेई. आगकाडी नको, चकमक नको. हेच तत्त्व डिझेलने एंजिनास लावण्याचे ठरविले. पेट्रोलच्या एंजिनात हवा व इंधन ह्यांचे मिश्रण आत घेऊन ठिणगीने पेटवितात. डिझेलने सांगितले की, सिलिंडरात आधी नुसती हवाच घ्यावी, दट्ट्याने ती अतिशय दाबावी आणि ती लाल लोखंडासारखी तापली की मग तीत इंधन सोडावे. ते आपोआप पेटेल. जितका दाब अधिक तितकी उष्णता अधिक कामी येईल. येथे एक गोष्ट लक्षात यावी. ह्या एंजिनाचा खरा आहार हवा आहे. इंधन मागाहून येते, आणि हवा असेल तेवढेच ते नीट जळते.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटासाठी अर्ज केला आणि १८९३ साली ह्या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. अनेक विद्वानांनी माना हलविल्या. इतका दाब सोसणारे सिलिंडर कोण घडविणार, असा त्यांचा प्रश्न होता व तो खोटा नव्हता. परंतु लिंडे ह्यांनी आपल्या शिष्याची बाजू घेतली. ऑग्सबुर्ग येथील यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिक बुट्स ह्यांनी जागा व कारागीर दिले. आणि क्रुप ह्या विख्यात पोलादी कंपनीने वर्षास तीस हजार मार्क वेतन देऊ केले. ज्या गावी निर्वासित पोर म्हणून तो आला होता, त्याच गावी आता तो शोधक म्हणून परतला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिला प्रयोग झाला. एंजिन आपल्या बळावर चालत नव्हते. कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरविले जात होते. इंधन आत सोडताच एवढा स्फोट झाला की दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे चहूकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावला. इतर कोणी असता तर त्या दिवशी घाबरून घरी गेला असता. डिझेलला मात्र त्या स्फोटातून एकच गोष्ट दिसली, ती ही की, दाबलेल्या हवेने इंधन पेटते हे सिद्ध झाले. बाकीचे सर्व दुरुस्तीचे काम होते. ते मात्र त्याच्या अपेक्षेपेक्षा फारच लांबले.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी एंजिन प्रथमच आपल्या पायावर, म्हणजे आपल्या बळावर, सुमारे एक मिनिट चालले. असे सांगतात की, ही गोष्ट प्रथम डिझेलच्या लक्षातच आली नाही. लिंडर नावाचा कारागीर पट्ट्याकडे पाहत होता. इतका वेळ पट्टा एंजिनास ओढीत होता. आता एंजिनच पट्ट्यास ओढू लागले हे त्यास दिसले आणि काही न बोलता त्याने डोक्यावरची टोपी काढली. मला ह्या चरित्रातील सर्वांत आवडणारा प्रसंग हाच.

त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. कधी इंधन बारीक फवारले जाईना व एंजिन काळा धूर ओकी. कधी झडपा गळत. कधी दट्ट्याच्या कड्यांतून दाब निसटे. प्रत्येक वेळी डिझेलची पद्धत एकच असे. सिलिंडरातील दाब दट्ट्याच्या प्रत्येक स्थितीत किती आहे ह्याची रेघ कागदावर उमटविणारे एक उपकरण असते. ती आकृती घेतल्याखेरीज तो एकही भाग बदलू देत नसे. आकृती जेथे बिघडलेली दिसेल तेथेच शोध घ्यावयाचा. एका वेळी एकच फेरफार, आणि लगेच पुन्हा आकृती. अंदाजाने दहा भाग बदलून पाहणाऱ्या मिस्त्रीचे काम कदाचित एखादे दिवशी लवकर होते, पण रोग कोणता होता हे त्यास कधीच कळत नाही.

अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्यूनिकचे प्रोफेसर मोरिट्स श्र्योटर ह्यांनी एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. एकच सिलिंडर, सुमारे तीन मीटर उंची आणि वीसेक अश्वशक्ती असे ते धूड होते. परंतु जळणाच्या उष्णतेपैकी शेकडा २६.२ भाग त्याने कामी लावला. त्या काळी कोणत्याही एंजिनास हे साधले नव्हते. लिंडे ह्यांच्या व्याख्यानास तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती.

येथे थोडे विषयांतर करतो. पण घाटाखालचा ट्रक त्यावाचून सुटणार नाही. ह्याच प्रयोगांच्या काळात, १८९६ च्या सुमारास, डिझेलच्या मनात आणखी एक विचार आला होता. सिलिंडरात हवा जाण्यापूर्वीच ती थोडी दाबून दिली, तर तेवढ्याच जागेत अधिक हवा मावेल, अधिक इंधन जळेल व शक्ती वाढेल. त्याने तसे करून पाहिले. शक्ती वाढली, पण हवा दाबण्याचे कष्ट एंजिनासच पडत असल्याने दर अश्वशक्तीमागे इंधन जास्त लागू लागले. काटकसर हेच ज्याचे व्रत त्यास हे पटणे शक्य नव्हते. त्याने तो नाद सोडला.

हा सोडलेला धागा ज्याने उचलला तो आल्फ्रेड ब्यूखी विंटरथूरचा. त्याच गावच्या सुल्झर कारखान्यात त्याचा बाप मोठ्या हुद्द्यावर होता. १९०५ साली ह्या तरुणाने असे पेटंट घेतले की, एंजिनातून बाहेर जाणारा तप्त धूर फुकट जातो, त्यासच एका चक्रावर सोडावे, आणि त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास असलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून एंजिनास पुरवावी. म्हणजे श्रम धुराचे आणि लाभ एंजिनाचा. हाच टर्बोचार्जर. वीस वर्षे प्रयोग केल्यावर १९२५ साली ब्यूखीस खरे यश आले. त्या सुमारास बांधलेल्या दोन जर्मन उतारू जहाजांच्या एंजिनांची शक्ती ह्या युक्तीने १७५० वरून २५०० अश्वशक्ती झाली. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने ट्रकच्या एंजिनावर तो बसविला. आपल्याकडे २००० सालानंतर धुराविषयीचे नियम उत्तरोत्तर कडक झाले, तसा तो ट्रकांवर सर्रास दिसू लागला.

हे चक्र दिसावयास हाताच्या पंजाएवढे, पण मिनिटास एक लाखाच्या घरात फेरे घेते. त्याचा आस लोखंडावर घासत नाही. तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून त्याची बहुतेक दुखणी हवेची तरी असतात किंवा तेलाची तरी. त्या दिवशीच्या चालकाने मुलांस जे समजावून दिले, त्याचा सार असा. चढावर शक्ती कमी आणि धूर काळा, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. अशा वेळी प्रथम टर्बोवर आरोप ठेवू नये. एअर फिल्टर धुळीने चोंदला आहे काय ते पाहावे. मग टर्बोपासून एंजिनापर्यंत दाबलेली हवा नेणाऱ्या रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा आणि मधला हवा थंड करणारा इंटरकूलर तपासावा. फट असेल तेथून चढावर फुस्स असा आवाज येतो, आणि सांध्याभोवती तेलकट धुळीचा डाग पडलेला दिसतो. एंजिन व टर्बो ह्यांच्यामधील धुराच्या वाटेस चीर असेल, तर तेथे काजळीची रेघ उमटते. धूर चक्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच निसटला तर चक्र फिरणार कशाने?

धूर निळसर असेल तर तेल जळत आहे. तेल टर्बोच्या सीलमधून येत असेल. पण दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील, किंवा टर्बोतून तेल परत खाली नेणारी नळी चोंदली असेल, तरीही धूर निळाच निघतो. एअर फिल्टर अगदी बंद झाला असता चक्र तेलच ओढू लागते. म्हणून निळा धूर दिसताच टर्बो बदलणारा मनुष्य कधी कधी हजारो रुपये व्यर्थ घालवितो. खुद्द टर्बोची परीक्षा शेवटी करावी, तीही एंजिन बंद करून व पुरते थंड झाल्यावर. हवेकडील नळी काढून चक्र बोटाने फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे. आडवे किंचित हलणे हा दोष नव्हे, कारण तेलाच्या थरापुरती जागा तेथे ठेवलेलीच असते. परंतु हलताना पाती भोवतालच्या घरास घासत असतील, किंवा आस पुढेमागे सरकत असेल, तर त्याचे आयुष्य सरले. पातीचे टोक तुटलेले असेल तर बाहेरचा काही तरी जिन्नस आत शिरला होता असे समजावे. चालत्या एंजिनाच्या हवेच्या तोंडाशी मात्र कोणीही बोट नेऊ नये, हे चालकाने मुलांस दोनदा बजाविले.

आणि टर्बो खरोखरच मेला असेल, तर तो कशाने मेला हे शोधल्यावाचून नवा बसवू नये. घाट चढून आल्याबरोबर तापलेले एंजिन एकदम बंद केले की तेलाचा पुरवठा थांबतो, आणि आसाजवळ राहिलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. तोच कोळसा पुढे तेलाच्या वाटा बुजवितो. त्या बुजलेल्या वाटांवर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या मागे जातो. दोन तीन मिनिटे एंजिन मंद चालू ठेवून मग बंद करणे एवढाच त्यास उपाय. अगदी अलीकडच्या ट्रकांत काजळी अडविणारी गाळणी असते, त्यामुळे काळा धूर दिसत नाही. तेथे समोरचा दिवा आणि निदानयंत्रातील आकडे पाहावे लागतात. परंतु आकडा दाब कमी आहे एवढेच सांगतो. तो कोठे कमी झाला हे डोळ्यांनी व कानांनीच शोधावे लागते.

आमच्या ट्रकच्या बाबतीत हे सर्व करण्याची वेळ आली नाही. आमचा चहा होईपर्यंत क्लीनरच्या हातास एका नळीखाली ओलसर काळा डाग लागला. तिची क्लिप ढिली होऊन नळी निम्मी सरकली होती. ती आवळण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत.

आता पुन्हा डिझेलकडे वळू. १८९७ नंतर त्याच्याकडे कीर्ती व पैसा ही दोन्ही एकदम आली. अमेरिकेतील हक्क आडोल्फस बुश ह्या उद्योगपतीने दहा लाख मार्कांस घेतले. १८९८ साली स्थापन झालेल्या एका कंपनीने त्याचे सर्व पेटंटहक्क पस्तीस लाख मार्कांस घेतले. म्यूनिकमध्ये त्याने राजवाड्यासारखे घर बांधले. परंतु प्रयोगशाळेत चालणारे एंजिन आणि गिऱ्हाइकाकडे रोज चालणारे एंजिन ह्यांत मोठे अंतर असते. केम्प्टन गावी आगकाड्यांच्या कारखान्यास दिलेले पहिले एंजिन वारंवार बंद पडू लागले. ऑग्सबुर्ग येथे निघालेला नवा कारखाना तोट्यात गेला. पेटंटाच्या हक्काविषयी भांडणे लागली. ह्या सर्वांच्या ताणाने १८९८ साली त्याची प्रकृती इतकी ढासळली की त्यास काही काळ आरोग्यभुवनात राहावे लागले. डोकेदुखीने त्यास पुढे कधीच सोडले नाही.

तथापि एंजिन सुधारत गेले, आणि त्यात त्याच्याइतकाच ऑग्सबुर्गच्या अनाम कारागिरांचाही वाटा आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल एंजिनास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरातून त्यास बालपणी जावे लागले ते हेच शहर. त्याच प्रदर्शनात एक लहान डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते, ही गोष्ट आपल्याकडील शेतकरी पालकांस विशेष वाटेल. शेतात पिकणारे तेल पुढे कधी तरी खनिज तेलाची जागा घेईल, ह्या विषयावर डिझेल १९१२ साली इंग्लंडमध्ये व्याख्यानातही बोलला होता. त्याच वर्षी कोपनहेगन येथे बांधलेले सेलांडिया हे मोठे जहाज वाफेवाचून, डिझेल एंजिनांवर पूर्वेकडील सागरात जाऊन आले.

मोटारगाडीत बसेल असे लहान एंजिन करण्याची त्याची फार इच्छा होती. १९०८ च्या सुमारास त्याने तसे एक घडविलेही. पण त्या काळी इंधन फवारण्यास वेगळा हवेचा पंप लागे, आणि त्याचेच ओझे गाडीस झेपेना. ट्रकवर हे एंजिन नीट बसले ते १९२४ च्या आसपास. ते पाहण्यास डिझेल हयात नव्हता.

१९०३ साली त्याने समाजाच्या आर्थिक व्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. कामगारांनी एकत्र येऊन आपणच कारखान्यांचे धनी कसे व्हावे, ह्याचा विचार त्यात आहे. एंजिनापेक्षाही ह्या पुस्तकावर त्याचा जीव होता. परंतु त्याच्या फारच थोड्या प्रती खपल्या. आणि दुसऱ्यांस अर्थव्यवस्था सांगणाऱ्या ह्या मनुष्याची स्वतःची अर्थव्यवस्था मात्र आतून पोखरत चालली होती. तेलाच्या खाणी व जमिनी ह्यांच्या व्यवहारांत त्याने मोठ्या रकमा गमावल्या. कर्जावर कर्ज झाले. घरात नोकरचाकर होते, पाहुणे येत होते, बाहेर मानसन्मान होत होते. त्यामुळे पत्नीसही खरी स्थिती ठाऊक नव्हती. आकृती घेतल्याखेरीज एंजिनाचा खिळा न हलविणाऱ्या ह्या मनुष्याने आपल्या जमाखर्चाच्या वहीकडे तशा नजरेने वेळेवर पाहिले असते तर, असे वाटल्यावाचून राहत नाही. पण रोग लपविण्याची वेळ आली म्हणजे शहाण्यांचेही डोळे मिटतात.

२९ सप्टेंबर १९१३ च्या सायंकाळी तो अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाला. तेथे त्याच्या एंजिनाच्या कंपनीची सभा होती. बरोबर दोन परिचित गृहस्थ होते. तिघांनी एकत्र जेवण केले व काही वेळ डेकवर फेऱ्या घातल्या. दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहास उठवावे असे सांगून तो आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी आढळली. बिछाना वापरलेला नव्हता. रात्रीचा सदरा त्यावर काढून ठेवलेला होता. घड्याळ बिछान्यातून दिसेल असे लावलेले होते. त्याची टोपी आणि नीट घडी केलेला कोट डेकच्या कठड्यापाशी सापडला. दैनंदिनीत त्या तारखेपुढे एक लहानसा क्रूस काढलेला होता.

प्रवासापूर्वी त्याने पत्नीस एक पिशवी दिली होती व ती आठवड्यानंतर उघडावी असे सांगितले होते. तीत रोख रक्कम आणि बँकेतील खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद निघाले. हा आत्मघात होता, अपघात होता की घातपात, ह्याविषयी वृत्तपत्रांनी तेव्हा नाना तर्क केले, आणि ग्रंथकार अजूनही करीत आहेत. निर्णय झालेला नाही. मला स्वतःला त्या पिशवीवरून पहिलाच तर्क खरा वाटतो, परंतु त्या रात्री डेकवर दुसरे कोणी होते की नव्हते हे कोणास सांगता येणार?

सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांस समुद्रात एक प्रेत तरंगताना दिसले. समुद्र खवळलेला होता व प्रेत ओळखण्यापलीकडे गेले होते. म्हणून खलाशांनी खिशांतील वस्तू काढून घेतल्या आणि त्यास पुन्हा पाण्यात सोडून दिले. गोळ्यांची डबी, पैशांचे पाकीट, चाकू आणि चष्म्याचे घर एवढ्याच त्या वस्तू होत्या. १३ ऑक्टोबर रोजी धाकटा मुलगा ऑइगेन ह्याने त्या पाहून आपल्या बापाच्या म्हणून ओळखल्या. पुढे बापाचे विस्तृत चरित्र लिहिले तेही त्यानेच. १८९७ साली श्र्योटर ह्यांनी तपासलेले ते पहिले एंजिन म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे.